सातव्या पिढीचा पासवर्ड

१२ सप्टेंबर, गुरुवार
आजपासून लॅपटॉप सुधारायला घेतला.
२९ तारखेच्या रविवारी नात आकमारलच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार, तिच्या कानात साखरपुड्याचे डूल घालायला. त्याआधी रीतसर दोन्हीकडच्या सात-सात पिढ्या म्हणायच्या. एक जरी नाव जुळलं तर सोयरिक मोडली. नवऱ्यामुलाचा आजोबा माम्बेतअली या बाबतीत फार कडक आहे म्हणतात. मागे एका घरी म्हातारा पाचव्या पिढीला अडखळला, तर हा चहा अर्धा टाकून उठला.
मला काय चिंता! वंशावळ लॅपटॉपमध्ये आहे. थोरल्या भावाने जाण्यापूर्वी कागदावर लिहून दिली, मी एका बोटाने टाइप केली. अख्ख्या अत-बाशीत असा म्हातारा दाखवा. गावातल्या पोरांना रस्त्यात अडवून सात पिढ्या विचारणारा मीच.
फक्त लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो. मुलाच्या, तिलेकच्या ऑफिसने टाकून दिलेला, तोही बारा वर्षांपूर्वीचा. व्याह्यांसमोर अकरा मिनिटं काय गाणी म्हणायची?

१३ सप्टेंबर
तिलेकचा बिश्केकहून फोन. म्हणाला, बाबा, बटण दाबल्या दाबल्या एफ-टू दाबलं की सेटअप येतो, त्यात लवकर सुरू होण्याची सोय असते, पण तुम्ही त्यात हात घालू नका, मी आलो की बघतो.
एफ-टू. लक्षात ठेवलं.

१४ सप्टेंबर, सकाळी ९
आत शिरलो! निळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं. डिक्शनरी घेऊन बसलो. तीस वर्षं क्लबात सिनेमाचा प्रोजेक्टर चालवला. एकदा तर फिल्म जळत असताना प्रेक्षकांना कळू दिलं नाही. हा तर नुसता डबा.
'प्रगत' नावाचं पान आहे. सेटिंग साधं असतं तर प्रगत कशाला म्हटलं असतं? म्हणजे ते जाणत्या माणसासाठी. सगळं 'बंद' होतं ते 'चालू' केलं, 'चालू' होतं ते बंद. पंखा कायमचा चालू. सुरुवात कशापासून करायची त्याची यादी होती, त्यात 'नेटवर्क' सगळ्यात वर नेलं. मोठं वाटलं.

१४ सप्टेंबर, दुपारी
पंखा ट्रॅक्टरसारखा ओरडतो आहे. पडद्यावर एकच ओळ, की नेटवर्क शोधतो आहे. आमच्या गल्लीत नेटवर्क शोधणारा तो पहिला नाही. बायको बुरुल म्हणाली, अहो, त्याला सर्दी झालीय का, घशात काहीतरी अडकल्यासारखं करतोय. बायकांना तंत्र कळत नाही.

१५ सप्टेंबर
यादी पुन्हा होती तशी केली. सुरू झाला. आता नऊ मिनिटं! (मोजताना मध्ये एकदा चहा ओतायला उठलो होतो, पण नऊच धरतो.)
घड्याळ मात्र दर वेळी १ जानेवारी २००७ दाखवतं. रोज नवं वर्ष. सणाचे बोर्सोक तळा, म्हटलं. बुरुल हसली नाही.
शेजारचा एसेनकुल मधाची बरणी घेऊन बघायला आला. त्याच्या पोळ्यांचा मध पांढराशुभ्र, लोण्यासारखा. त्यानेही एक कळ दाबून पाहिली. कळ अजून चिकटते आहे.
तो गेल्यावर बुरुल म्हणाली, मधवाला बरणी विसरून गेला. चाळीस वर्षं शेजार, तरी ही त्याला मधवालाच म्हणते. म्हटलं, बाई, त्या माणसाला नाव आहे. बाईने सामोवारात पाणी ओतलं. आमच्याकडच्या सुना सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाहीत, ते ठीक. हिने माझ्या वडिलांचं नाव आजवर उच्चारलेलं नाही, माझं तर नाहीच. पण मधवाला काय हिचा सासरा लागतो?

१७ सप्टेंबर
सुरक्षेचा विचार केला. परवा एसेनकुलने मधाच्या बोटाने कळ दाबली, उद्या कोणी वंशावळच पुसली तर? सेटअपमध्ये पासवर्डाची सोय आहे. यंत्र सुरू होण्याआधीच विचारतं. नामी.
पासवर्ड काय ठेवावा? जन्मतारीख चोराला कळते. मग सुचलं: सातव्या पूर्वजाचं नाव! आपला माणूस ते मरेपर्यंत विसरत नाही आणि परक्याला कळत नाही. अशी युक्ती बिश्केकच्या इंजिनिअरांनाही सुचणार नाही. फाइलमधून बघून घातलं, दोनदा घातलं, यंत्राने मान्य केलं.
थोरल्याच्या हातचा कागद ड्रॉवरमध्ये होता. यंत्रात आल्यावर कागदाचं काय काम? सामोवार पेटवायला छान झाला.

१८ सप्टेंबर
किरकोळ अडचण. पासवर्ड विचारतो. नाव जिभेवर आहे, बोटावर येत नाही.

१८ सप्टेंबर, दुपारी
शेरअली, बेक्तुर, ओस्मोन, कुबात, तिनाय, जानुझाक. सहा खडाखड. सातव्याला कोणीतरी दार लावून घेतं.
तीन वेळा चुकलं की यंत्र हटून बसतं, बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. नऊ नावं घालून पाहिली. एक तर आमच्या जुन्या घोड्याचं होतं.

२० सप्टेंबर
चुलतभावाला माहीत असणार. फोन लागत नाही. मेंढ्यांबरोबर वरच्या कुरणावर आहे, महिनाअखेर उतरेल. गावात इतर कोणाला विचारावं तर ज्यांना मी रस्त्यात अडवतो तीच पोरं.
बुरुल म्हणाली, अहो, तीन दिवस काय शोधताय, मला सांगा तरी. म्हटलं, तुझ्या कामाचं नाही. ती पलीकडच्या खोऱ्यातली, दुसऱ्या कुळातली. तिला आमच्या पिढ्या काय ठाऊक!

२२ सप्टेंबर, रविवार
तिलेकला आडून विचारलं, की एखाद्या माणसाने, समजा, पासवर्ड हरवला तर? तो म्हणाला, बाबा, हात घातलात ना? म्हटलं, माझं नाही, एसेनकुलचं. तो म्हणाला, एसेनकुलकाकांकडे लॅपटॉप कुठून आला? आजकालची पोरं फार प्रश्न विचारतात.
म्हणाला, आत नाण्याएवढा सेल असतो, तो काढून ठेवला तर कधी कधी पासवर्ड जातो. ऑफिसच्या यंत्रांचा बहुधा जात नाही. नाहीतर बिश्केकला पाठवा, मी डिस्क काढून देतो. पाठवला असता. पण मग विचारणार, पासवर्ड काय होता.

२३ सप्टेंबर
लॅपटॉप उघडला. सेल काढला. जेवलो. सेल घातला. पाच स्क्रू उरले. म्हणजे कंपनीने जास्तीचे लावले होते.
पासवर्ड जिथल्या तिथे. घोडा गेला, लगाम तेवढा हातात.

२६ सप्टेंबर
आकमारल नारिनहून आली. इस्पितळातल्या नोकरीतून चार दिवसांची रजा. तिचा इस्खाक तिथेच अँब्युलन्स चालवतो, दोघं बर्फाच्या रस्त्यावर भेटली. पोरगी आता चालत नाही, तरंगते. म्हणाली, आजोबा, पाठ आहेत ना सगळी? माम्बेतअली आजोबांनी इस्खाकला सांगितलंय, मुलगी पसंत आहे, पण सातवं नाव ऐकल्याशिवाय डूल खिशातून निघणार नाहीत. म्हटलं, पोरी, कोणाला विचारतेस!
मागच्या अंगणात जाऊन नावं पुन्हा म्हणून पाहिली. सहाच निघाली. 

२८ सप्टेंबर
योजना पक्की.
सहा नावं ठणठणीत म्हणायची. सातव्याला खोकायचं. दोन मिनिटं खोकलं की कोण विचारतं?
बुरुलला ऐकवून सराव केला. तिने लिंबाचा चहा आणून दिला.

२९ सप्टेंबर, सकाळी ७
मेंढी कापली. पंगत मांडली. एसेनकुललाही बोलावलं आहे, मध त्याचाच. लॅपटॉपवर भरतकाम केलेला रुमाल टाकून कोपऱ्यात ठेवला, शोभा आली. घसा तयार.

२९ सप्टेंबर, संध्याकाळी
जसं झालं तसं लिहितो.
माम्बेतअलीने आपल्या सात पिढ्या एका श्वासात म्हटल्या, डोंगरावरून पाणी उतरावं तशा. मग टोपी सरळ केली आणि म्हणाला, व्याही, आता तुमचा घोडा सोडा.
मी सोडला. जानुझाकपर्यंत चौखूर. मग खोकलो.
माणूस भला. स्वतः उठून माझ्या पाठीवर हात फिरवला, पेल्यात चहा ओतला, म्हणाला, होऊ द्या व्याही, घाई नाही, आम्ही मुक्कामाला आलोय. मी पुन्हा खोकलो. तो पुन्हा थांबला. एवढ्या सहनशील माणसाला कडक कोण म्हणालं? मग हळूच म्हणाला, आणि सातवे?
आकमारल दाराशी उभी होती. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. माझ्याकडे बघेना. मला पोरीचं तसं तोंड बघवलं नाही. खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. अगदी उघडलं.
तेवढ्यात चहा ओतता ओतता बुरुल म्हणाली, सातवे ते आमच्या मधवाल्याच्या नावाचे. माझ्या तोंडून निघायचं नाही.
माम्बेतअलीने वाटीतल्या मधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, आणि मधवाल्याचं नाव?
एसेनकुलच्या तोंडात अर्धा बोर्सोक होता. त्याने घास गिळला, म्हणाला, माझं? एसेनकुल. का, काय केलं मी?
एकही नाव जुळलं नाही. माम्बेतअलीने खिशातून डूल काढले. म्हणाला, जिथे सुनेला घराण्याच्या सात पिढ्या ठाऊक, तिथली मुलगी डोळे मिटून न्यावी. मी मनात म्हटलं, पाहा, ही सून निवडली कोणी? मीच. आकमारल आजीच्या गळ्यात पडली, मग माझ्या. आधी आजीच्या, हे नोंदवून ठेवतो.
पाहुणे निजायला गेल्यावर बुरुलला विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, अहो, तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तर डब्याला विचारत होतात. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सातही नावं पाठ करून घेतली. जी घ्यायची नाहीत ती आधी माहीत नकोत?

३० सप्टेंबर
सातवं नाव घातलं. यंत्र मुकाट उघडलं. पासवर्ड काढून टाकला, पंखा गप्प केला, प्रगत पानाला रामराम. आज १ जानेवारी २००७.
ही वही मागून चाळली. गेल्या पंधरवड्यात ते नाव मी सात वेळा माझ्या हाताने लिहिलंय.

७ ऑक्टोबर
बुरुल म्हणाली, आता कागदावर लिहून ठेवा. बरोबर आहे. मलाही तेच वाटत होतं. लॅपटॉप सुरू केला. अकरा मिनिटं. तोवर वहीच्या शेवटच्या पानावर सहा नावं सुवाच्य अक्षरात लिहिली.
सातव्याला पेन थांबलं. लॅपटॉप अजून सुरू व्हायचा होता. बुरुलकडे पाहिलं. तिने पीठ मळता मळता हनुवटीने खिडकीकडे खूण केली.
बाहेर मधवाला मधमाश्यांच्या पेट्यांवर थंडीसाठी गवत घालत होता.