होणाऱ्या व्याह्यांचा डावा कान

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर, तुझ्या ह्यांचा खोकला आणि लेकीची लग्नघाई, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. मी धडधाकट आहे. नसते तर बरं झालं असतं, हे पुढे वाचशीलच.

शनिवारी कलासंग्रहालयातली प्रदर्शनं बघून ये, तिथेच मुलाच्या वडिलांना सहज भेट आणि माणूस कसा आहे ते कळव, असं तूच सांगितलंस. (घरी बोलावलं की सगळेच शहाण्यासारखे वागतात, हेही तुझंच.) तेव्हा पहिला दोष तुझा. दुसरा संग्रहालयाचा. पहिल्याच दालनात गणवेशातला रखवालदार उभा होता. व्याही ज्या दालनात भेटणार होते ते कुठे आहे, असं मी त्याला नीट विचारलं. उत्तर नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेलं, उत्तर मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. मी हलले नाही. वर तक्रार करीन म्हणाले. शेवटी एका बाईने माझ्या कोपराला हात लावला. "आजी, तो पुतळा आहे. प्रदर्शनच हुबेहूब पुतळ्यांचं आहे." (आजी म्हणायचं तिला काही कारण नव्हतं, तिचे स्वतःचे केस रंगवलेले होते.)

आता पुन्हा फसायचं नाही, असं ठरवून पुढे गेले. तिथे बाकावर एक म्हातारा डोळे मिटून, मान टाकून बसवलेला. माझी सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात गेली. कॉलरची दोन टोकं सारखी आहेत का हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्याच्याभोवती फेरी मारली आणि शेजारच्या जोडप्याला (त्यांनी विचारलं नव्हतं) समजावलं, की डावा कान खाली बसवलाय, नाक घाईत उरकलंय आणि चेहरा असा केलाय की घरात ह्याला कुणी दुसऱ्यांदा भाजी वाढत नसावं. जोडपं जमिनीकडे बघायला लागलं. मला वाटलं, पटलं त्यांना. मग केस खरे लावलेत का ते बघायला मी मिशीचा एक केस ओढला.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "बाई, मी जागाच होतो. मध्येच डोळे उघडले असते तर तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं झालं असतं."

ओरडले असते तर मी भांडले असते गं. ते उठून उभे राहिले, मला बसायला जागा दिली, आणि मी पळाले. जिन्यात येऊन तू मोबाइलवर पाठवलेला फोटो उघडला. तोच कान. (फोटो आधी बघायला हवा होता हे मला कळतं. तू सांगू नकोस.)

पोरीचं ठरत आलेलं लग्न माझ्या दोन बोटांनी मोडलं, तर तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?

तुझी, शरमेने अर्धी झालेली,
ताई

ता. क. पत्राचं खरं कारण हे. मी कोण ते त्यांना माहीत नाही. ताईला ताप आला, ती गेलीच नाही, असं तू कळव. बोलणीला मी येणार नाही. लग्नात मागच्या रांगेत बसेन.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात त्यांचा फोन आला. येत्या रविवारी बोलणी करू म्हणाले, आणि मी हवीच. लग्नाचे कपडे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय घ्यायचे नाहीत. मी तापाचं सांगायला लागले, तर म्हणाले, पलीकडच्या दालनात रखवालदाराला दम भरत होतात, तेव्हाच तुम्हाला ओळखलं होतं. डोळे उघडायचीही गरज पडली नाही. चुका काढत काढत एक आवाज जवळ येईल, तीच माझी ताई, अशी खूण त्यांना आधीच मिळाली होती म्हणे.

रविवारी येते. तुझ्याशी बोलायचंय.