काकांचा नसलेला हात

शुक्रवार, दिवेलागणीला

सांगून टाकलं एकदाचं. लय हलकं वाटायलंय.

मानवतहून काकांबरोबर एसटीनं येत होतो. बसलो न बसलो तोच त्यांचं नेहमीचं, "जरा सरक, हात दबायलाय." मी शाळेत असताना कापसाच्या जिनिंगच्या मशिनीत त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला. तरी तो अजून दबतो, त्याला खाज सुटते. मी नेहमीसारखा सरकलो. आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघूनच गेलं.

"काका, माझं उलटं हाय. मला माझी छाती सपाटच वाटते, पोरासारखी. अंघोळ करताना हात लागला की दचकतो, हे कुणाचं म्हणून. घरात सगळे ताई म्हणतात, पण मी आतून पोरगाच हाय, लहानपणापासून. मला येड तर न्हाई ना लागलं?"

काका खिडकीबाहेर बघत बसले. गाव येईपर्यंत माझा जीव टांगणीला. कशाला बोलून बसलो? आता आईला सांगतील का?

फाट्यावर उतरल्यावर म्हणाले, "हात दबायलाय म्हणलं की तू सरकतोस. कुठाय हात, असं कधी विचारलंस?"

"न्हाई."

"मग मी कशाला विचारू?"

घरापर्यंत मी त्यांच्या उजव्या अंगानंच चाललो, हाताला जागा सोडून.