टिमोचा गुडघा आणि माझे शनिवार

२६ एप्रिल, शनिवार
सिझन सुरू. यंदा रोज लिहायचं ठरवलंय, कारण हे वर्ष ऐतिहासिक असणार. आमचे बॅजर्स, म्हणजे इथली अमेरिकन फुटबॉलची टीम, वरच्या लीगमध्ये जाणार, त्यांचा टिमो ब्रांट अख्खा सिझन खेळणार आणि लेक मैत्रेयी शिकायला स्टुटगार्टमध्येच राहणार. या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. मालिनीला हे पटत नाही. बायकोला प्रत्येक गोष्ट पटली पाहिजे असा माझा आग्रह कधीच नव्हता.

मैत्रेयीचं आबिटूर, म्हणजे इथली बारावी, संपत आलंय. ती इथे अर्ज करणार आहे आणि ब्राउनश्वाइगलाही. ब्राउनश्वाइग ट्रेनने साडेचार तास, म्हणजे इथल्या ट्रेनच्या उशिराच्या सवयी बघता अर्धा दिवस. पण ती जाणार नाही. तेरा वर्षांची असल्यापासून घरच्या प्रत्येक मॅचला ती माझ्या शेजारी बसते. एवढी आवड सोडून कोण जातं?

आज हरलो. पण टिमो दोनदा मस्त धावला. तिसऱ्यांदा लंगडला. किरकोळ आहे.

२७ एप्रिल, रविवार
नाश्त्याला मालिनीने विचारलं, तुमचा तो टिमो नक्की करतो काय. पाच वर्षांत पाचव्यांदा विचारलं. मी पुन्हा सांगितलं: रनिंग बॅक म्हणजे अंडाकृती चेंडू छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. कबड्डीच, फक्त हेल्मेट घालून. मी शाळेत कबड्डीच्या संघात होतो, त्यामुळे मला हा खेळ आतून कळतो. मालिनी म्हणाली, तुम्ही राखीव होतात. राखीव हाही संघाचाच भाग असतो.

संकल्प: मैत्रेयीशी फक्त मराठीत बोलायचं. ती जर्मनमध्ये उत्तर देते, पण समजतं तिला सगळं.

१० मे, शनिवार
टिमो खेळला नाही. पोटरी.

मधल्या वेळात सुधीरशी जोरदार वाद. सुधीर माझ्याच ऑफिसातला, पुण्याचा, मागच्या रांगेत बसतो आणि टिमोला ‘काच’ म्हणतो. त्याने सगळा इतिहास काढला: तीन वर्षांपूर्वी खांदा, दोन वर्षांपूर्वी मांडी, गेल्या वर्षी गुडघ्याचा लिगामेंट, आणि मध्ये एकदा टीमच्या बसमधून उतरताना घोटा. म्हणाला, हा पोरगा मनानेच कच्चा आहे, चिवटपणा नावाला नाही. मी म्हणालो, जो कधी पडतच नाही त्याचा चिवटपणा कळणार कसा? टिमो दरवेळी परत येतो. असं परत यायला काळीज लागतं. सुधीर म्हणाला, परत येतो तो पुन्हा जायलाच.

माझ्या पलीकडच्या खुर्चीतले हेर क्लाइन, म्हणजे श्री. क्लाइन, आयुष्यभर गिअरबॉक्स तपासत होते. त्यांचं मत असं की एखादा पार्ट वारंवार मोडत असेल तर तो बदलावा, त्याचं कौतुक करू नये. जर्मन लोकांना पोटेन्शियल दिसत नाही. त्यांना फक्त वॉरंटी दिसते.

मैत्रेयीला म्हटलं, तू सांग, टिमोत दम आहे की नाही? मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली, “आल्झो, पापा... या.” जर्मनमध्ये ‘हो’च. मी सुधीरकडे बघितलं. नव्या पिढीचा कौल स्पष्ट होता.

२२ मे, गुरुवार
रोज लिहिणं जमलं नाही. ऑफिसमध्ये काम फार.

टिमोचा प्रश्न मुळात हाडांचा आहे हे आज S-बान लोकलमध्ये एकदम लक्षात आलं. हे लोक ब्रेड आणि चीजवर जगतात. हाडांत जाणार काय? यावर आपल्याकडे हजार वर्षांचा उपाय आहे. डिंकाचे लाडू. परवा फॅन-डे आहे, खेळाडू स्टॉलवर येऊन सगळ्यांना भेटतात. स्वतः करून नेणार.

मालिनी म्हणाली, अहो, ते बाळंतिणीला देतात. मी म्हणालो, बाळंतपण झेपतं तर लीग का नाही झेपणार? ती उठून गेली. मुद्दा बिनतोड होता.

२३ मे, शुक्रवार
आईला फोन करून कृती विचारली. खारीक, खोबरं, गूळ, खसखस. डिंक मंद आचेवर, थोडाथोडा तुपात फुलवायचा, आतून कच्चा ठेवायचा नाही, हे तिने तीनदा सांगितलं. बायका स्वयंपाकाचा उगाच बाऊ करतात. मी सगळा डिंक एकदम घातला, आच मोठी केली, काम झटपट. वरून छान फुललेला दिसत होता. लाडू वळताना मैत्रेयी ओट्याशी येऊन उभी राहिली. एक हातात घेऊन ओट्यावर टकटक वाजवला आणि परत ठेवला. डाएटवर असेल.

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. बरं वाटलं. तिला म्हणालो, पुढच्या वर्षी तू वळ, मी सांगीन. ती हसली. म्हणजे पुढच्या वर्षी इथेच आहे.

२४ मे, शनिवार
ऐतिहासिक दिवस. टिमोला लाडू दिले. मुलगा इतका सभ्य की तिथल्या तिथे एक तोंडात टाकला. आवाज आला. मला वाटलं बेंच मोडलं.

टिमो गालाला हात लावून उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हणाला, फार चविष्ट आहे. हा चिवटपणा नाही तर काय? सुधीरला दाखवायला वळलो, तर तो खुर्चीत वाकून हसत होता.

२७ मे, मंगळवार
क्लबच्या पेजवर बातमी: टिमो ब्रांट, दाढ दुभंगली, मुळाशी संसर्ग, पुढची मॅच नाही. कारण दिलेलं नाही. चांगले लोक आहेत.

दात तसे हाडांमध्ये धरत नाहीत. तेव्हा गुडघ्याच्या दृष्टीने टिमो पूर्ण फिट आहे. उलट विश्रांती मिळाली. सुधीरने ऑफिसच्या किचनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, पुढे काय, चकली का? मी कॉफी घेऊन जागेवर गेलो. मोठ्या माणसाने सोडून द्यावं.

संकल्प: यापुढे टिमोला लांबून पाठिंबा.

१४ जून, शनिवार
टिमो परतला! पहिल्याच धावेत भिंत फोडून बाहेर. मी उभा राहून इतका ओरडलो की हेर क्लाइननी कानावर हात ठेवला. मैत्रेयीही उठली. पाण्याची बाटली आणायला गेली होती, पण उठली.

येताना डोंगरावरच्या पायऱ्या चढताना तिला सहज विचारलं, ब्राउनश्वाइगचं काय. ती म्हणाली, तिथला कोर्स जास्त चांगला आहे. मी म्हणालो, कोर्स सगळीकडे सारखेच, टीम मात्र एकच. ती झपाझप पुढे निघून गेली. चढ फार आहे तिथे, दम लागतो.

२८ जून, शनिवार
गुडघा. तोच.

स्ट्रेचरवरून जाताना त्याने अंगठा वर केला. सुधीरने ‘काच’ म्हटलं नाही. एवढंच म्हणाला की पोरगा सव्वीसचाच आहे रे. मला त्या सहानुभूतीचाच जास्त राग आला. मी सांगितलं, पुढच्या सिझनला बघ, खरा टिमो अजून कोणी पाहिलेलाच नाही. हेर क्लाइन “गेनाऊ”, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले. कोणत्या अर्थाने, ते कळलं नाही.

१३ जुलै, रविवार
टिमो निवृत्त. घरच्यांच्या विमा एजन्सीत बसणार आहे. अपघात विमा. अनुभव कामी येईल.

मैत्रेयीला वाईट वाटेल म्हणून मीच तिच्या खोलीत जाऊन सांगितलं. म्हणाली, कोण टिमो? मग लगेच म्हणाली, आख् झो, अच्छा, तो टिमो. धक्क्यात माणूस असंच बोलतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार
ब्राउनश्वाइगचं प्रवेशाचं पत्र आलं. स्टुटगार्टचंही आलं होतं, गेल्या आठवड्यात. तिने ते दाखवलं नव्हतं.

जेवताना मी सगळं नीट मांडलं. टिमो गेला तरी नवीन रनिंग बॅक येतोय. पोटेन्शियल प्रचंड आहे. सध्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, पण वसंतात तयार होईल. आपली जागा चांगली आहे, छताखालची. अशा वेळी टीमला सोडून जायचं नसतं. मालिनी मध्येच म्हणाली, अहो, पुरे आता.

मैत्रेयीने चमचा खाली ठेवला. मग ती मराठीत बोलली. किती वर्षांनी, मला आठवतही नाही.

“बाबा, मला तो गेम कधीच आवडला नाही. तू तिथे एकटा बसशील म्हणून मी येत होते.”

एकही शब्द अडखळला नाही. मी म्हणालो, मराठी छान झालंय तुझं. आणि उठून भांडी विसळायला घेतली. मशीन असूनही. बराच वेळ विसळत होतो.

२८ सप्टेंबर, रविवार
काल तिला ट्रेनमध्ये बसवलं. ट्रेन नेमकी वेळेवर सुटली.

आज शेवटची मॅच. जायचं नव्हतं, पण मालिनी म्हणाली, जाऊन या. बॅजर्स हरले, खालच्या लीगमध्ये गेले. शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर काही ठेवलं नाही.

मध्ये सुधीर पुढे येऊन बसला. म्हणाला, मैत्रेयी कुठेय? मी सांगितलं, पाय मुरगळलाय. किरकोळ आहे. पुढच्या सिझनला नक्की येणार.

सुधीरला सगळं माहीत होतं. मालिनीने त्याच्या बायकोला कधीच सांगितलं होतं. तरी या खेपेला त्याने वाद घातला नाही.