अकरा वर्षं ‘तक्रार नाही’

स्किप्टन,
४ मे

प्रिय जॉस,

पाकिटावरचं अक्षर बघून तू म्हणाली असशील, ग्लेनिस? आणि नाताळ तर अजून सात महिने लांब! बरोबरच आहे. चार वर्षं नाताळच्या कार्डावर नुसती सही ठोकून पाठवणारी बहीण एकदम पानंच्या पानं लिहायला लागली, म्हणजे कुणीतरी गेलं असणार असंच वाटतं. कुणी गेलेलं नाही. चहा करून घे, नीट बस, आणि पत्र अर्ध्यात फाडू नकोस.

गेल्या जूनमधली माझी अवस्था सांगते. गाडी शिकवायचं काम चालू होतं, पण ऐन उन्हाळ्यात अंगात दोन स्वेटर आणि डोक्यात नुसता भुसा. आमच्या चर्चच्या पाद्रीबाई, थ्वेटबाई, एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आल्या होत्या. बसस्टँडजवळच्या गोल चौकात त्यांनी माझा दंड हलवला आणि अगदी नम्रपणे विचारलं, “आता कुठं वळू? आपल्या तीन फेऱ्या झाल्या.” मी झोपले होते, जॉस! शिकवणारी घोरतेय आणि शिकणारी देवाचं नाव घेत गोल गोल फिरतेय. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना फोन करून शिकवण्या बंद केल्या. सत्तावीस वर्षांचं काम गं, लाज वाटून मेले.

थायरॉइडची गोळी मी अकरा वर्षं इमानेइतबारे घेत होते. दवाखान्यात रक्त तपासायचे, आकडे छान यायचे. शेवटी हट्टानं लीड्सच्या खासगी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. ओकाफोर त्यांचं नाव. त्यांनी विचारलं, “कशा आहात?” मी म्हटलं, “बरंय, तक्रार नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग एवढा खर्च करून इथं कशाला आलात?” मला आधी हसू फुटलं, मग रडूच कोसळलं. पाऊण तास त्या ऐकत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की नेहमीच्या गोळीचं शरीरात जे रूपांतर व्हायला हवं ते माझ्यात धड होत नसावं; दुसऱ्या एका गोळीचा छोटासा डोस जोडून बघू. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही बजावलं. मला आला. सहाव्या आठवड्यात मी शिट्टी वाजवत भांडी घासत होते, आणि आपण शिट्टी वाजवतोय हे कळल्यावर हातातली बशीच सुटली.

आता खरी गोम ऐक. ती गोळी जन्मभर खासगीतून घेणं मला झेपणार नाही. म्हणून ओकाफोरबाईंनी आमच्या सरकारी दवाखान्याला पत्र दिलं, की हिला गुण आलाय, पुढची औषधं तुम्ही लिहून द्या. मला वाटलं, एक सही केली की झालं. पण तिथले डॉ. पिलिंग म्हणाले, खासगी डॉक्टरांच्या शब्दावर मला हे औषध चालू ठेवता येत नाही, सरकारी हॉस्पिटलच्या तज्ज्ञांनी सांगायला हवं. वर त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. दर वर्षीच्या तपासणीची नोंद, एकाखाली एक: रुग्ण ठीक, तक्रार नाही. रुग्ण ठीक, तक्रार नाही. मी म्हटलं, “अहो डॉक्टर, ते मी सभ्यपणानं म्हणत होते!” बिचारा म्हणाला, “आणि मी ते खरं धरत होतो.” त्यांच्यावर काय चिडणार? त्यांच्याकडे दहा मिनिटं, बाहेर बाकावर खोकणारी म्हातारी माणसं. तिथं आपलं रडगाणं कोण गाणार? आपल्या घरात तर कुणीच गायलं नाही. मनगट मोडलेल्या हातानं आईनं अँब्युलन्सवाल्यांना चहा करून दिला होता, आठवतंय? “उगाच तुम्हाला त्रास,” म्हणाली होती.

पाच महिने थांबल्यावर आता हॉस्पिटलची तारीख आलीय, २१ मे. गोळ्या महिनाअखेरपर्यंत पुरतील. तिथले डॉक्टर ‘हो’ म्हणाले तर दवाखाना पुढं देईल. ‘नाही’ म्हणाले तर मी पुन्हा दोन स्वेटरांत. हॉस्पिटलच्या पत्रात लिहिलंय, तुम्हाला पूर्वीपासून नीट ओळखणारं कुणीतरी सोबत आणा. कागदावर तर मी अकरा वर्षं ठणठणीत आहे. थ्वेटबाई यायला तयार आहेत. त्या पुन्हा शिकायला यायला लागल्यात, रिव्हर्स अजून भयंकर आहे. पण आजारातली मी त्यांना फक्त पेंगतानाच माहीत.

नीट ओळखणारं म्हणजे तू. माझ्याकडे बघून “ग्लेनिस, तू बरी नाहीस” असं तोंडावर म्हणणारी तू एकटीच होतीस. चार वर्षांपूर्वी त्या मार्चमध्ये तू आलीस, मला स्वयंपाकघरात कोट घालून बसलेली पाहिलंस, आणि डॉक्टरकडे चल म्हणून हटून बसलीस. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. मलाही आहे. ‘मी ठणठणीत आहे, तू आपला मोडलेला संसार बघ.’ तुझा घटस्फोट होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आजारानं बोलले असं म्हणून सुटता आलं असतं, पण आजारानं माणूस झोपतं गं, इतकं वाईट बोलत नाही. ते मीच बोलले, कारण तू खरं बोललीस आणि मला ते सोसलं नाही. माझं चुकलं, जॉस. २१ तारखेला, मंगळवारी साडेदहाची वेळ आहे. आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळीच ये, स्टेशनवर मी गाडी घेऊन उभी राहीन. डॉक्टरांना सगळं सांग, मला लाज वाटेल तेसुद्धा. गोळ्यांसाठी म्हणून लिहायला बसले होते खरी. पण गोळ्या मिळोत न मिळोत, तू ये.

तुझीच, आणि या वेळी नुसती सही नव्हे,
ग्लेनिस