तिघांचे डावे पाय

प्रिय बाबा,

फोनवर गाडीचा विषय काढला की तुम्ही "हं, दादाशी बोल" म्हणता आणि फोन त्याच्या हातात देता. म्हणून हे पत्र. दादाला मी सांगून ठेवलं आहे की पाकीट फोडायचं नाही, मागून डोकावायचं नाही, आणि वाचून झाल्यावर "काय लिहिलंय?" असंही विचारायचं नाही. तुम्ही खिडकीपाशी बसून सावकाश वाचा. चष्मा बहुधा शर्टाच्या खिशातच असेल.

आधी घरची खबर. आई बरी आहे. तुमच्या खुर्चीवर तिने कब्जा केला आहे आणि विचारलं तर म्हणते, धूळ बसू नये म्हणून बसते. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर रोज कुंपणाशी थांबून "सर कधी येणार?" विचारतात, तेव्हा ती "त्यांनाच विचारा" एवढंच सांगून आत येते. सकाळी चहाला तीन कप काढते आणि एक परत ठेवते. हे मी रोजनिशीत लिहिलं, मग उगाच भावुक होतंय असं वाटून खोडलं, आणि मग खोडलं याचंच वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. तर तुम्हाला सांगून टाकते. तुम्ही "चार दिवस दादाकडे जाऊन येतो" म्हणालात, त्या चार दिवसांचे महिने झाले. आईला तिकडे बोलावलंत, तर ती म्हणाली, मी बॅगेतून कपडे काढून घालणारी बाई नाही, मला कपाट लागतं. तिचं वाक्य तुम्ही हसण्यावारी नेलंत. ती हसत नव्हती.

जाताना तुम्ही गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, "रस्त्यांवर गर्दी फार झाली, आता तू चालव." फाटकावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आदल्या दिवशीच उतरली होती. तेव्हाच मला ते कारण तुमच्या तोंडी शोभलं नाही. घाबरून घामाघूम झालेल्या माणसांच्या शेजारी, भर चौकात, हाताची घडी घालून बसण्यात ज्याचा उभा जन्म गेला, त्याला गर्दीचं काय? पण मी विचारलं नाही. आपल्या घरात न विचारणं ही सभ्यता समजली जाते, आणि त्या सभ्यतेत मी पहिल्या नंबराने पास झालेली आहे.

आता गाडी. मी ती कामावर नेऊ लागले आणि पहिल्याच आठवड्यात लाजून अर्धी झाले. पहिला गिअर टाकायचा, क्लच सोडत आणायचा, आणि क्लचने पकड घेतली रे घेतली की सगळी गाडी थंडी भरल्यासारखी थरथरायची. सीट हलायचं, आरसा हलायचा, दाराच्या खणातली छत्री खडखडायची. गाडी चार हात पुढे गेली की सगळं शांत, जणू काही झालंच नाही. सकाळी घरातून निघताना ठीक असायचं. संध्याकाळी, इंजिन तापल्यावर, बँकेसमोरच्या चढावर मात्र मागच्या रांगेला तमाशा. एकदा एका रिक्षावाल्याने काच खाली करायला लावून "बाई, घोडा आहे का?" असं विचारलं.

मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलं असेलच. तुमची शिकवण: गाडीला दोष द्यायचा नाही, आधी आपला पाय बघायचा. हे वाक्य तुम्ही गावातल्या निम्म्या लोकांच्या कानात असं भरलं आहे की आम्ही झोपेतही आधी आपला पाय बघू. मी चपला बदलल्या. सीट पुढे घेतलं, मग मागे. पोहण्याच्या तलावामागच्या मोकळ्या पटांगणात, जिथे तुम्ही मला शिकवलंत, तिथे रोज संध्याकाळी जाऊन सराव केला. डॅशबोर्डवर काडेपेटी उभी ठेवली, तुम्ही ठेवायचात तशीच, की गाडी जागची हलली पाहिजे आणि पेटी पडता कामा नये. माझी पेटी नुसती पडत नव्हती, उडी मारत होती. या वयात पाय असा कसा झाला, ही काळजी घेऊन मी घरी यायचे आणि आईला सांगायचे की तलावाकडे वारा छान असतो. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, बाबा. एका तपासणीवर निष्कर्ष काढायचा नाही हे मी हाताखालच्या लोकांना शिकवते. पण स्वतःच्या पायाच्या बाबतीत मी कोणतीही तपासणी न करता निकाल देऊन बसले होते.

शेवटी गाडी गचक्याकडे नेली. तुमच्याकडे शिकताना गाडीला गचके द्यायचा, म्हणून तुम्हीच ठेवलेलं नाव. आता त्याच्या गॅरेजच्या पाटीवरही तेच आहे आणि त्याची बायकोही त्याला तसंच हाक मारते. आई सोबत आली होती, तिला त्याच रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात जायचं होतं. गचक्याने आधी मलाच सुनावलं, "ताई, सरांची मुलगी असून क्लच असा सोडता?" मग रुबाबात स्वतः बसला, मी शेजारी, आई मागे. त्याने क्लच सोडला, गाडी थरथरली, आणि बाबा, तुम्ही हवे होतात! तो माणूस सीटवर ताठ झाला, शेजारच्या सीटकडे, म्हणजे माझ्याकडे, न बघता म्हणाला, "सॉरी सर." मग पुन्हा सोडला, पुन्हा थरथर, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाला की इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करून माझा पाय अजून शिकाऊच राहिला.

तेव्हा मागून आई बोलली. तुम्हाला माहीतच आहे, या घरात तुमच्याकडून गाडी न शिकलेली ती एकटी. नवऱ्याकडून शिकण्यापेक्षा बस परवडली, म्हणायची. ती म्हणाली, "आधी यांचा पाय, मग हिचा, आता तुझा. तिघांचे डावे पाय एकाच वर्षी बिघडले होय रे? गाडीला काही झालंय का, ते बघ की!"

गचक्या खो खो हसला. मी हसले नाही, कारण मी "आधी यांचा पाय" यावर अडकले होते. मी वळून बघितलं तर आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. चष्म्याच्या दुकानाच्या बाकावर मी तिला धरलं. तिने तुम्हाला शब्द दिला होता, पण शब्द ठेवायचा म्हणून माणूस घालवायचा का, असं म्हणून ती सगळं बोलली. रोज पहाटे तुम्ही पलंगाच्या कडेला बसायचात. डाव्या पायाखाली आंघोळीचा पाट तिरका लावायचात, गुडघ्यावर काडेपेटी उभी ठेवायचात, आणि पाय हळूहळू वर घ्यायचात. पेटीकडे बघत. पुन्हा, पुन्हा. ती झोपेचं सोंग घेऊन बघायची. दिवसा तिने त्यावर काही बोलायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, "पाय गेला माझा. पाय गेला तर मी शिकवायचं काय? एखाद्याच्या पोराला चाकाखाली घालू?" दादाकडच्या डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, तरी तुम्ही मानलं नाहीत. डॉक्टरपेक्षा तुमचा क्लचवर विश्वास जास्त.

मी आईला एकच विचारलं, गुडघ्यावरची पेटी पडायची का? ती म्हणाली, "एकदाही नाही. मी वाट बघत असायचे, पडली तर उठेन म्हणून."

त्या बाकावर मी ठरवलं की आता नीट तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गॅरेजात परतल्यावर गचक्याने मला सीटवर बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेकवर उजवा पाय दाबून ठेवायला सांगितला, आणि बॉनेट उघडून पुढे उभा राहिला. मी पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडला, मग रिव्हर्समध्ये. दोन्ही वेळा इंजिन एका बाजूला असं कललं, जसं कोणी गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतून उठतंय. खाली इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातलं एक फाटलेलं निघालं. गचक्याने ते बदललं आणि विजयाची घोषणा केली. मलाही घोषणा करायची होती. तुम्हाला फोन लावायला हातात घेतला होता, पण म्हटलं, आधी तापल्यावर बघू. बँकेच्या चढावर थरथर निम्मी झाली होती, पण होती.

मी परत गेले तर गचक्या वैतागला. डिझेल गाडी आहे ताई, थोडं असतंच, असं म्हणाला. मी म्हटलं, थोडं असतं ते थंड असतानाही असायला हवं, हे तापल्यावरच का येतं? मग तो डोकं खाजवत गाडीखाली गेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात, तिथे खालच्या बाजूला तेलाची ओल होती. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट त्याने फडक्यावर ठेवून मला बोलावलं. एका बाजूने ती कोरडी, राखाडी. दुसऱ्या बाजूने काळी आणि चमकदार. इंजिनच्या मागचं ऑइल सील कडक होऊन चिरलं होतं. तेल तापून पातळ झालं की तिथून झिरपायचं आणि प्लेटवर उडायचं. मग प्लेट अर्धी धरायची, अर्धी घसरायची. धर, सोड, धर, सोड. तीच आपली थरथर.

मी गचक्याला विचारलं, आणि सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून उत्तर देऊ नकोस: चालवणाऱ्याचा पाय कापत असेल, तर असं होऊ शकतं का? त्याने फ्लायव्हीलवरचे, म्हणजे क्लच प्लेट ज्या चाकाला घासून पकड घेते त्यावरचे, जुने भाजल्याचे डाग दाखवले आणि म्हणाला, हे पायाचं काम, पण ती शिकाऊ गाडी आहे, यात माझेही दोन असतील. मग प्लेटवर बोट फिरवून काळं बोट माझ्यासमोर धरलं. "पाय प्लेट झिजवू शकतो, ताई. तिला तेल नाही लावू शकत."

बाबा, मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की गाडी बिघडली होती याचा अर्थ पाय चांगला आहे असा होत नाही. बरोबर. मीही हाच आक्षेप घेतला असता. पण मग असं बघा: पायाविरुद्ध तुमच्याकडे साक्षीदार एकच होता, तो क्लच. तो खोटा ठरला. पायाच्या बाजूने डॉक्टर आहेत, आणि गुडघ्यावरची ती पेटी आहे, जी कधीच पडली नाही. आपल्या पायाची चौकशी आधी करावी, हे तुमचं म्हणणं मला आजही मान्य आहे. फक्त तुम्ही ती चौकशी संपवलीच नाहीत. मीही नव्हते संपवणार. आईने संपवली.

नवीन प्लेट, नवीन सील बसवून गाडी घरी आली. काल तापलेल्या इंजिनाने बँकेच्या चढावर थांबले, काडेपेटी उभी केली आणि क्लच सोडला. पेटी उभी राहिली. मागच्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, ही बाई कशाला टाळ्या वाजवते. खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळी पडली, पण तो माझा पाय होता.

आता हे सगळं लिहिण्याचं कारण. येत्या रविवारी आई आणि मी गाडी घेऊन तुमच्याकडे येतो आहोत. दादाला जेवणाचं सांगितलं आहे, बाकी काही नाही. सगळ्यांच्या देखत एकदम किल्ली पुढे केली असती तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि एकदा नाही म्हटलं की तुम्ही ते मागे घेत नाही. म्हणून आधी कळवते, म्हणजे मधल्या दिवसांत एकट्याने पाय तपासून बघता येईल, पाट आणि काडेपेटी तिकडे मिळेल. दादाच्या घरामागे शांत गल्ली आहे. आधी तिथे एक फेरी मारू, तुम्ही आणि मी. पाय थरथरला, तर मी बघेन, खरं तेच सांगेन, आणि गाडी मीच परत आणेन. नाही थरथरला, तर परत येताना मी शेजारी हाताची घडी घालून बसेन. आई मागे बसणार आहे. मी तिला म्हटलं, आता तरी बाबांकडून शिकून घे. ती म्हणाली, नको, या घरात गाडीला दोष देणारं एक तरी माणूस राहू दे. रात्रीच तिने तुमचे कपडे ठेवायला कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला.

तुमची वाट बघणारी, तुमचीच,
शिकाऊ मुलगी