निर्वंशाची खूण

३ मार्च
आलो एकदाचे! सोल शहरातलं ते खुराडं सुटलं. इथे हासानला दोन ऐसपैस खोल्या, मागे मुळ्याचा वाफा, आणि आल्या आल्या मला नोकरीसुद्धा. ग्यूसान म्हणत होता, आमच्या गावात तू आठवडाभर टिकलीस तरी खूप. माझा नवरा असून मला ओळखत नाही. पाचव्या महिन्यातल्या बाईला असलं बैठं काम आणखी कुठे मिळणार?

काम त्याच्याच घराण्याच्या कार्यालयात. प्यो घराण्याची वंशावळ जुन्या प्रोग्राममधून नव्या प्रोग्राममध्ये न्यायची, कारण जुन्याच्या कंपनीने गाशा गुंडाळला. कार्यालय बघतात ते दोकमानकाका, माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. म्हणाले, सूनबाई, जिवंतांची भांडणं मी मिटवीन, मेलेला मात्र एकही रुसता कामा नये. मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. माणूस आतल्या गाठीचा दिसतो.

६ मार्च
काम सोपं आहे. प्रत्येक पिढीच्या नावातलं एक अक्षर आधीच ठरलेलं, त्यामुळे कोण कुठल्या पायरीवर ते लगेच कळतं. माझे सासरे दोकसू, त्यांच्या पिढीत सगळे ‘दोक’, माझ्या नवऱ्याच्या पिढीत सगळे ‘ग्यू’. अडलं एका ठिकाणी. मुलगा न होता जो गेला त्याच्या नावापुढे जुन्यात निर्वंशाची खूण असते. नव्यात तिला जागाच नाही. कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, मोकळं सोडा, काही बिघडत नाही.

काकांना सांगितलं तर चेहरा पडला. म्हणाले, अगं, ती दाराची कडी आहे. ती लावली की मेलेला गप्प बसतो, मुलगा मागत नाही. मग त्यांनी दोकजेंची गोष्ट सांगितली. सासऱ्यांचे थोरले भाऊ. लग्नानंतर लगेच तलावात बुडाले. थोरली पाती, म्हणजे थोरल्या मुलाची शाखा, आणि श्राद्धाला कुणी नाही, म्हणून ग्यूसानला त्यांच्या नावावर दत्तक द्या असं सगळे सासऱ्यांच्या मागे लागले होते. सासरे बैठकीत कडाडले, एकुलता एक पोरगा मी मेलेल्याला देऊ? आणि भावापुढे ती खूण स्वतः लावून आले. ऐकताना मला बरं वाटलं. खूण मात्र मी मोकळीच सोडली. जागाच नाही तर लावणार कुठे?

११ मार्च
आज बघते तर दोकजेंच्या खाली मुलगा. प्यो ग्यूसान. सासऱ्यांच्या खाली काही नाही. दुरुस्त केलं. काकांना विचारलं तर म्हणे मला कॉम्प्युटर चालू करता येतो, बंद करता येत नाही. असं म्हणणारेच सगळं येणारे असतात. थोरली पाती रिकामी आहे हे त्यांना सलतं, ते मला ती गोष्ट ऐकतानाच कळलं होतं.

१४ मार्च
पुन्हा तेच. पासवर्ड बदलला. कुणाला सांगितला नाही, ग्यूसानलाही नाही.

१५ मार्च
पुन्हा.

आणि सकाळी भात-सूप घेताना ग्यूसान म्हणाला, आपल्या बाळाला लवकर पोहायला शिकवू, बाबांना येत नव्हतं. माझे सासरे रोज नगरपालिकेच्या तलावात पोहतात! मी तसं म्हटलं. म्हणाला, ते दोकसूकाका गं.

काकांनी यालाही फितवलंय.

१७ मार्च
सासऱ्यांना फोन केला. म्हटलं, मी सूनबाई बोलतेय. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, बाई, नंबर चुकला असेल, आम्हाला मूलबाळ नाही.

प्यालेले नव्हते. नंतर खूप वेळ बसून विचार केला. दत्तकाच्या कागदावर यांनी शेवटी सही केली असणार, आणि आता सगळे मिळून मला ते गळी उतरवताहेत. मेलेल्यासमोर जेवण मांडून, घास गार होईपर्यंत गंभीर चेहऱ्याने बसणारी माणसं ही. यांना एवढं नाटक जड नाही.

१९ मार्च
जुना प्रोग्राम उघडला. तो आता फक्त वाचता येतो, त्यात कुणालाच काही बदलता येत नाही. असं म्हणतात. दोकजेंपुढची खूण गेलीय. ती आता सासऱ्यांच्या नावापुढे आहे.

काकांकडे दुसरी किल्ली असणार. असणारच.

२१ मार्च
ग्यूसानच्या खाली एक नवी ओळ. मुलगा. नावात पुढच्या पिढीचं अक्षर. जन्मतारीख — जुलैतली.

मुलगा की मुलगी ते डॉक्टरांनी आम्हाला अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटतेय. माझं मूल मी कुणालाही देणार नाही, मेलेल्याला तर नाहीच.

२२ मार्च
काकांवर ओरडले. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, आता हात लावू नकोस, राहू दे तसंच. दोकसूचं दार लागलंय. दोकजेकडूनही तोडलंस तर तुझा नवरा कुणाचाच मुलगा उरणार नाही, मग पोर तरी कुठून उरेल?

धमकी. सरळसरळ धमकी. निदान तोंडावर दिली.

२३ मार्च
दोकजे आणि ग्यूसानमधली रेघ निवडली. काढा म्हटलं. पडद्यावर पाटी आली — या व्यक्तीला दुसरा पिता नाही, ही व्यक्ती व तिचे वंशज पुसले जातील, पुढे जायचं?

ही भाषा कंपनीची नाही. कालचं काकांचंच बोलणं. मला घाबरवायला बसवलंय, न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? एका मिनिटाचं काम, लगेच सासऱ्यांच्या खाली जोडते.

होय दाबलं.

जोडायला नाव टाकलं. अशी नोंद नाही म्हणतो. पुन्हा टाकलं. अशी नोंद —

घरी आले. दाराशी चपलांचा एकच जोड. माझा. मुळ्याचा वाफा कुणी लावला होता?

२४ मार्च
कार्यालयातले म्हातारे गृहस्थ भले वाटले. विचारत होते, ताई, तुम्ही कुणाकडच्या? म्हटलं, मी प्यो घराण्याची सून. म्हणाले, बरं, कुणाची बायको? त्यात काय सांगायचं, माझा नवरा —

माझा —

सकाळपासून हात सारखा पोटाकडे जातोय. सपाट पोट, दुखत नाही, खुपत नाही. तरी जातोय. रडू येतंय आणि कशासाठी ते काही केल्या कळत —