काका चूर्ण न्यायला आलेत

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही, आणि आज भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. तुमचे धाकटे भाऊ, रामभाऊ काका, भातकुलीहून आलेत. जेवून आतल्या खोलीत पडलेत. उठले की मला त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती आधी तुमच्यापाशी बोलल्याशिवाय माझं तोंड उघडणार नाही.

काका चूर्ण न्यायला आलेत. तेच! गोखरू, वरुणाची साल, पुनर्नवा, कोहळ्याच्या बिया, पितळी तराजूवर गुंजभर इकडे-तिकडे न होता तोललेलं. तुमच्या तेरवीत मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, "प्रोस्टेटचा त्रास माझ्या चूर्णानं आटोक्यात होता, बाबा वयानं गेले." हाडांत पसरलेल्या कॅन्सरचं नाव मी आईलाही काढू दिलं नाही. तेव्हापासून काकाही त्यांच्या लघवीच्या त्रासावर दर महिन्याला पुडा नेतात.

ती वही आठवते? दिवसातून किती वेळा जाता, धार कशी, सगळे रकाने पट्टीनं आखलेले. तुम्ही म्हणालात, "काहून रे, आता मुताचाबी हिशोब ठेवतं काय?" मी म्हणालो, "मोजल्याशिवाय कळत नाही, बाबा." दहावी नापास माणूस पुस्तकं वाचून विहिरीवरच्या पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग भरायला शिकला, अर्धा दर्यापूर तालुका जळालेल्या मोटारी त्याच्याकडे आणतो. तोच माणूस वैद्यकाची पुस्तकंही वाचतो म्हटल्यावर गर्व होणारच!

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, "चूर्ण घ्या हवं तर, पण पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी आधी करा. त्रास कमी झाला म्हणजे आजार नाही असं नसतं." मी वही पुढे केली. दिवसाला नऊ वेळांवरून चार! त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही, म्हणून मी उठलो. तुम्ही मुकाट्यानं माझ्यामागे आलात. काहून आलात, बाबा? तिथंच बसून राहायचं होतं ना!

मग कमरेत कळ सुरू झाली. सोयाबीनचे कट्टे उचलले म्हणून कंबर भरली असेल, असं मी ठरवलं आणि चोळायला तेल दिलं. शेवटी दवाखान्यात नेलं तोवर ते हाडांत पोचलं होतं.

आज काका जीपमधून उतरले ते घामानं चिंब. तुमच्या सुनेनं, सुलभानं, पाणी पुढे केलं. "नको सूनबाई, घोटभरबी नको." मी विचारलं, काहून? तर हसून म्हणाले, "अरे, भाऊनंच तं सांगतलं होतं. दुपारपासून पानी सोडलं का पोराच्या वहीत आकडा कमी येते, अन् पोरगं खुश होते. मी बी तसंच करतो. मस्त फरक हाय!"

सुलभानं भांडं तसंच हातात धरलं होतं. मला तिच्याकडे बघवलं नाही.

बाबा, माझे रकाने चांगले दिसावेत म्हणून तुम्ही तहान मारलीत? एकदा तरी डोळे वटारून म्हणायचं होतं, "घाल चुलीत ते वही!" मोटार बरोबर आहे असं शेतकरी शपथेवर सांगतो, तरी मी स्वतः मीटर लावून बघतो. आणि तुमच्या तोंडचा आकडा मात्र मी न तपासता लिहून घेत गेलो.

जेवताना काकांना नीट बसवत नव्हतं. "किती दिवस झाले?" मी विचारलं.

"होळीपासून. वयाचं हाय रे." त्यांनी हात मागे नेला आणि बरोबर तिथं ठेवला, जिथं तुम्ही ठेवायचात. "चूर्ण जरा जास्तीचं दे. अन् मले दवाखान्यात नेऊ नको बरं. भाऊले नेलं अन् महिन्याभरात गेला. तुह्या चूर्णावर तं चांगला होता."

 त्यांना ही भीती कुणी घातली? तेरवीत बोललेला माझाच शब्द होता तो.

कदाचित काही नसेलही. कंबर साधीच असेल. पण तुमच्या वेळीही मी हेच म्हणत होतो. चूर्णानं तुम्हाला थोडा आराम पडलाही असेल, मला आता ते कसं कळणार? आत जे वाढत होतं त्याला मात्र त्यानं हात लावला नाही.

खाट करकरली. काका उठलेत. "पुडा बांधला कारे, विनायक?" विचारताहेत.

बाबा, शब्द देतो. पुडा बांधणार नाही. तुम्ही कशानं गेलात आणि तपासणी कुणी अडवली, ते आता आत जाऊन सांगतो. ते शिव्या देतील, पुन्हा माझं तोंड बघणार नाही म्हणतील. म्हणू देत. त्यांना तपासणीला न्यायला अमरावतीची गाडी चारला आहे. ते रागानं घरी जायला स्टँडकडे चालायला लागले तरी मी त्यांच्या पिशवीचा बंद सोडणार नाही.

तुम्हाला डॉक्टरांपुढून उठवून आणणारा,
विनायक